हलका हात

ओकबुनच्या हाताखालून गेलेली बाई दोन दिवस लाल असायची, आणि त्याबद्दल तक्रार करणारं माणूस थोंगयंगमध्ये अजून जन्माला यायचं होतं. बंदराच्या वरच्या चढावर मॅंगबाईंचा हमाम, म्हणजे गावाचं न्हाणीघर. तिथे बायकांच्या बाजूला, गरम हौदाला लागून गुलाबी रेक्झिनचं एक टेबल होतं, आणि त्या टेबलाशी काळ्या चड्डी-बॉडीत उभी असलेली, पैलवानासारख्या दंडांची बुटकी बाई म्हणजे ओकबुन. हातात हिरवा खरखरीत मोजा. गिऱ्हाइकाने आधी गरम हौदात कातडी मऊ होईपर्यंत बसायचं, मग टेबलावर आडवं व्हायचं आणि पुढचं सगळं ओकबुनवर सोडायचं. तिने पाठीवर दोन थापा मारल्या की मुकाट्याने कूस बदलायची.

मळाच्या सुरळ्या निघाल्या नाहीत तर ओकबुनला तो स्वतःचा अपमान वाटायचा. कुणी "जरा हळू" म्हणालं की ती मोजा कमरेवर ठेवून म्हणायची, "हळू हवं असेल तर घरी ओल्या फडक्याने पुसायचं होतं. इथे कशाला आलात?" बायका आई गं, आई गं करत उठायच्या आणि कपडे घालताना म्हणायच्या, आता कसं मोकळं वाटतंय. जोर लावणं म्हणजे जीव लावणं, एवढं साधं गणित होतं तिचं. तिच्या आईने तिला असंच घासलं होतं, तिने आपल्या मुलींना असंच घासलं, आणि त्या रडल्या तेव्हा त्यांना उकडलेली अंडी देऊन गप्प केलं.

सगळ्यांत जास्त जोर ती राखून ठेवायची पिलसूनताईसाठी.

पिलसून तिच्याहून चार वर्षांनी मोठी. खाली धक्क्यावरच्या शेडमध्ये कालवं काढायची. हिवाळाभर, पहाटेपासून, बर्फासारख्या पाण्यात हात घालून, सुरीच्या एका झटक्यात शिंपला उघडायचा आणि दुसऱ्या झटक्यात कालव बादलीत. शेडमध्ये तिच्या उजव्या हाताला तोड नव्हती. आठवड्याचा तो सगळा शीण रविवारी त्या हाताबरोबर ओकबुनच्या टेबलावर यायचा. ओकबुन तो हात खांद्यापासून बोटांपर्यंत कणकेसारखा तिंबायची. मग दोघी कपडे बदलायच्या खोलीत लाकडी फळीवर बसून थंडगार कॉफी प्यायच्या आणि ओकबुनच्या नवऱ्याला नावं ठेवायच्या. पिलसूनचा नवरा समुद्राने कधीच नेला होता, त्यामुळे तिच्या वाट्याची नावं ठेवायलाही ओकबुनचाच नवरा पुरवावा लागे.

त्या वर्षी वसंतात पिलसून यायची बंद झाली. आधी वाटलं, लेकीकडे पुसानला गेली असेल. मग मॅंगबाईंनी तिकिटाच्या खिडकीत बसल्या बसल्या बातमी सांगितली: छातीत गाठ निघाली, उजवी बाजू काढून टाकली, काखेतल्या गाठीही काढल्या. ओकबुनने फोन केला. "बरी आहे मी," एवढं बोलून पिलसूनने फोन ठेवला. पुन्हा केला, तर उचललाच नाही. ओकबुनला फार लागलं ते. इतकी वर्षं जिच्या अंगावरचा तीळ न् तीळ आपल्याला पाठ, तिने आपल्याला परक्यासारखं दारातून परतवावं?

उन्हाळा गेला. कापणीच्या सणाआधीच्या एका सोमवारी, दुपारी, हमाम अगदी रिकामा असताना आतलं काचेचं दार सरकलं आणि पिलसून उभी राहिली. छातीभोवती मोठा टॉवेल गुंडाळलेला. हमामात टॉवेल गुंडाळून कुणी येत नाही. तिथे झाकून आलेल्या बाईकडेच माना वळतात, पण त्या दुपारी वळायला मानाच नव्हत्या. तिने वेळ निवडूनच काढली होती.

"वाळलीस ग," ओकबुन म्हणाली.

"आणि तू फुगलीस," पिलसून म्हणाली.

बस, एवढ्यावर सगळं मिटलं. ओकबुनला इतका आनंद झाला की तिने ताईला आधी गरम हौदात बसवलं, भरपूर वेळ, घाम फुटेपर्यंत. मग टेबलावर घेतलं आणि नवा मोजा फोडला. पाठ, पाय, डावा हात. उजवा हात हातात घेतला तेव्हा तो तिला जड वाटला. मनगटापाशी थोडा भरल्यासारखा.

"साचलंय सगळं ह्यात, ताई. पडून पडून साचलंय. थांब, काढून टाकते."

पिलसून डोळे मिटून पडली होती. "काढ," ती म्हणाली.

आणि ओकबुनने काढलं. सगळे महिने, सगळी काळजी, न उचललेले सगळे फोन तिने त्या हातावर काढले. घासला, तिंबला, कोपरापासून वर रेटला, पुन्हा घासला. फक्त छातीला तिने हात लावला नाही. मध्येच टॉवेल जरा घसरला, तेव्हा तिने तो घाईघाईने वर ओढला आणि नळाकडे बघत बसली. पिलसूनने तेवढ्यापुरते डोळे उघडले होते. जाताना मात्र म्हणाली, "कसं मोकळं वाटतंय ग." ओकबुन त्या रात्री गाढ झोपली.

सण दोन दिवसांवर आला आणि पिलसूनचा हात सुजून मुळ्यासारखा झाला. खांद्यापर्यंत लालबुंद, अंगात ताप. लेक पुसानहून गाडी घेऊन आली आणि तिला चिंजूच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. ही बातमीही मॅंगबाईंनीच आणली. "म्हणे गरम पाण्याने आणि रगडण्याने झालं. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला दाबायचं नसतं म्हणे. कुठल्या गाढवाने दाबला कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या, आणि मग ओकबुनचा चेहरा बघून त्यांनी खिडकीची काच पुसायला घेतली.

सणाच्या आधीचे दिवस म्हणजे हमामाचे सुगीचे दिवस. दाराबाहेर रांग. ओकबुनने त्या दिवसांत एकामागून एक अंगं घासली. हात तिचेच होते, आणि त्यांची तिला भीती वाटायला लागली होती.

पिलसून घरी परतल्यावर ओकबुन शिंपले घातलेल्या पेजेचं पातेलं घेऊन तिच्याकडे गेली. दार उघडंच होतं. पिलसून जमिनीवरच्या गादीवर बसली होती. उजवा हात उशीवर ठेवलेला. लाली गेली होती, सूज तशीच.

ओकबुनने वाटेत माफीचं बरंच काही जुळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं भलतंच. "तुला माहीत होतं का?"

"हो. डॉक्टरांनी सांगितलं होतं. गरम पाण्यात बसायचं नाही, रगडून घ्यायचं नाही."

"मग बोलली का नाहीस? जीभ पण कापून आलीस का तिथून?"

"बोलले असते तर तू हात लावला असतास का?"

ओकबुन पातेल्याचं झाकण उगाच काढून पुन्हा लावत राहिली.

"ऑपरेशन झाल्यापासून मला डॉक्टरांशिवाय कुणी हात लावला नाही, ओकबुन," पिलसून म्हणाली. "पोरगी पण काचेचं भांडं असल्यासारखी लांबून पाणी देते. मला वाटलं, तू तरी रगडशील. पहिल्यासारखी." मग ती हसली. "रगडलंस तू. त्यात काही कसर ठेवली नाहीस."

"हसू नको."

"मग काय करू? शेडमध्ये आता जाता येणार नाही. ह्या हाताला शिंपल्याचा साधा ओरखडा लागला तरी पुन्हा ताप. मुकादमाला सांगून टाकलं. शेड गेली, आता हमामही गेला. जाऊ दे. पेज ठेव तिथे आणि घरी जा."

हे ओकबुनला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. ह्या चढावरच्या बायका एकमेकींच्या घरी सहसा जात नाहीत. घरात नवरे असतात, सुना असतात. बायका भेटतात त्या शेडमध्ये सुरी हातात घेऊन, नाहीतर हमामात उघड्या अंगाने. ह्या दोन्ही जागा गेल्या तर पिलसूनताई जिवंत असून गावातून गेल्यासारखीच. आणि दुसरी जागा आपल्या हातांनी घालवली. ती आपल्याच हातांनी परत द्यायची, हे ओकबुनने पेजेचं पातेलं तिथेच ठेवून उतरतानाच ठरवलं. कशी, ते काही तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या तपासणीला ती हट्टाने चिंजूला बरोबर गेली. तिथे सूज उतरवण्याच्या मसाजसाठी प्यो मॅडम म्हणून एक किरकोळ अंगाची मुलगी होती. तिने पिलसूनला आडवं केलं आणि गळ्याच्या हाडामागच्या खळग्यात नुसती बोटं ठेवली. मग मानेच्या बाजूला. मग चांगल्या, डाव्या काखेत. ना तेल, ना पावडर, ना जोर. एखाद्या झोपलेल्या मुलाच्या अंगावरची चादर सरळ करावी तसे तिचे हात फिरत होते. ओकबुन खुर्चीच्या टोकावर बसून वाट बघत होती.

"सुरू कधी करणार?" शेवटी न राहवून तिने विचारलं.

"निम्मं झालं," प्यो मॅडम म्हणाल्या. "रक्ताला ढकलायला हृदय आहे. अंगात आणखी एक पाणी फिरतं, लसिका म्हणतात, तिला ढकलायला कुणी नाही. माणूस हललं, पोटभर श्वास घेतला, मूठ उघडली मिटली, की ती पुढे सरकते. कातडीच्या अगदी खाली तिच्या बारीक वाटा असतात. दाबलं की त्या चेपतात."

"म्हणजे मी वाटाच चेपल्या," ओकबुन म्हणाली. तिने स्वतःचे दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले.

"पण सूज हातात आहे, आणि तुम्ही गळा का धरून बसलात?" तिने मग विचारलं.

"उजव्या काखेतून जायचा रस्ता आता नाही. दुसरीकडून काढायचा. पुढचं तोंड आधी मोकळं केलं नाही तर हातातलं पाणी जाईल कुठे?"

हे मात्र ओकबुनला चटकन कळलं. हमामाची मोरी रोज संध्याकाळी तीच साफ करायची. केसांनी आणि मळाने तुंबलेली मोरी वरून कितीही पाणी ओतून सुटत नाही, आधी खालची जाळी काढावी लागते. तिने पुढे सरकून नीट बघायला सुरुवात केली. प्यो मॅडमनी तिचा हात घेतला आणि पिलसूनच्या दंडावर ठेवला.

"जोर जास्त आहे."

"मी जोर लावलेलाच नाही."

"तेवढाही नको."

"ह्याहून कमी म्हणजे हात उचलावाच लागेल."

"उचलायचा नाही. कातडी नुसती सरकवायची आणि सोडायची. आता छातीवरून. हातातलं पाणी छाती ओलांडून डाव्या काखेकडे न्यायचं, हाच मुख्य रस्ता."

पिलसूनने दवाखान्याच्या झग्याची नाडी घट्ट धरली. "ते मी घरी करीन," ती म्हणाली. ओकबुननेही मान डोलावली, जरा जास्तच लगबगीने.

कमी जोर शिकणं ओकबुनला जोर शिकण्यापेक्षा जड गेलं. तिने मॅंगबाईंना गिऱ्हाईक केलं. दुपारी खिडकीत गर्दी नसली की ती त्यांच्या मागे उभी राहून त्यांच्या मानेवर हात फिरवायची.

"झुरळ फिरल्यासारखं वाटतंय," मॅंगबाई म्हणायच्या. "लावायचा तर नीट लाव हात." थोड्या दिवसांनी त्यांची तक्रार थांबली. मग एका दुपारी तिकिटाच्या पेटीवर डोकं टेकून त्या चक्क घोरायला लागल्या, आणि दोन बायका पैसे न देताच आत गेल्या. जाग आल्यावर "मी झोपले नव्हते" असं त्यांनी ओकबुनला ठणकावून सांगितलं. त्या दिवशी ओकबुनला वाटलं, जमतंय.

रोज सकाळची गर्दी ओसरली की ती पिलसूनला चालायला न्यायची. पिलसूनच्या हातावर कातडीच्या रंगाची घट्ट बाही चढवलेली असायची. चढावरच्या पायऱ्या, वरचा चौथरा, तिथे उभं राहून पोट फुगेपर्यंत श्वास, हात डोक्यावर, मूठ उघड, मूठ मिट. ओकबुन शेजारी उभी राहून सगळं बरोबरीने करायची, कारण पिलसून एकटीने करायला लाजायची.

"दोन म्हाताऱ्या कवायत करतायत म्हणून लोक हसतील," पिलसून म्हणायची.

"हसू दे. त्यांचं पण पाणी सरकेल."

चालून आल्यावर घरी मसाज. गळा, मान, डावी काख, मग दंड, कोपर, मनगट. पिलसून बनियन काढत नसे. छातीची पाळी आली की म्हणायची, "ते मी रात्री करते," आणि ओकबुन सुटका झाल्यासारखी उठायची. दोघीही एकमेकींना फसवत होत्या आणि दोघींनाही ते माहीत होतं. पिलसून रात्री काहीच करत नव्हती. ती आंघोळसुद्धा बनियन घालून करायची. लेकीने आणलेला मोठा आरसा तिने भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

हिवाळा सुरू झाला, शेडमध्ये कालवांचा हंगाम भरात आला, आणि चिंजूला प्यो मॅडमनी टेप लावून हात मोजला. कपाळाला आठी पडली. "बाही घालताय, चालताय, मग हा उतरत का नाही? छातीवरून रस्ता काढताय ना?"

दोन साठीच्या बायका गृहपाठ न केलेल्या मुलींसारख्या खाली बघायला लागल्या.

"हे बघा," प्यो मॅडम म्हणाल्या, "आता सूज मऊ आहे. अशीच राहिली तर आतून घट्ट होईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

बसमधून उतरून चढ चढताना समोरून शेडमधल्या बायका आल्या, पायात गमबूट, अंगाला समुद्राचा वास. "अगं पिलसून! कुठे असतेस? दिसत नाहीस ती?" पिलसूनने उजवा हात झटकन पाठीमागे लपवला. "लेकीकडे जाऊन येऊन असते," ती म्हणाली. बायका गेल्या तशी ती पायरीवर बसली. हात अजून पाठीमागेच होता.

"मी काय चोरी केलीय का ग?" ती म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "आयुष्यभर ज्यांच्या शेजारी उभी राहिले, त्यांच्यापासून हात लपवतेय मी. माझाच हात."

"ताई, सोमवारी ये. दुपारी हमामात कुणी नसतं. तिथे करू का सगळं? छातीवरूनही. मी करीन." ओकबुन पायरीकडे बघत म्हणाली.

पिलसूनने पाठीमागचा हात पुढे घेऊन मांडीवर ठेवला. "घरी केलं की आजारपण वाटतं," ती म्हणाली. "तुझ्या टेबलावर कर. पण सोमवारी नाही. मागे सोमवारीच आले होते ना, चोरासारखी. रविवारी येते."

"रविवारी सगळ्या असतात."

"म्हणूनच."

ओकबुनने मॅंगबाईंची मनधरणी करून त्या रविवारी मधला हौद कोमट ठेवायला लावला. त्यावरून सकाळपासून बोंब. "मॅंगबाई, गॅसचं बिल थकलं का?" "ह्या पाण्यात माझी सून पण वितळायची नाही." मॅंगबाई खिडकीतून ओरडून सांगत होत्या की आज हे असंच आहे, ज्यांना उकळायचंय त्यांनी गरम हौदात जावं. ओकबुन एकीमागून एक पाठी घासत होती, पण तिचं लक्ष काचेच्या दाराकडे होतं. ताई येणार नाही असं तिला वाटत होतं. आली नाही तर बरं, असंही मध्येच वाटून गेलं, आणि त्या वाटण्याची तिला शरम वाटली.

पिलसून आली. टॉवेल गुंडाळूनच आली. कोमट हौदात थोडी बसली, पाण्यात हात हलवले, आणि सरळ टेबलापाशी येऊन उभी राहिली. आतला गलका आपोआप कमी झाला. वाफेतून सगळ्या बघत होत्या आणि बघत नसल्यासारखं करत होत्या. शेडमधली एक बाई डोक्यावर पाणी ओतायचं विसरून तांब्या तसाच धरून बसली होती.

पिलसूनने टॉवेल सोडला, घडी घातली, उशाशी ठेवला आणि आडवी झाली.

ओकबुनने बघितलं. काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत एक आडवी, फिकट रेघ, कडेला थोडी ओढलेली. बाकी सपाट. एवढंच होतं. ह्या एवढ्याला भिऊन तिने इतके महिने नळाकडे बघितलं होतं. तिने हिरवा मोजा काढून बादलीत टाकला आणि हात कोमट पाण्यात धुतले.

गळा. मान. डावी काख. बायका पुन्हा बोलायला लागल्या, आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात. पुढचा नंबर असलेली बाई वाट बघून कंटाळली. "ओकबुन, हे काय चाललंय? अंग घासतेयस की लाड करतेयस?"

"लाड करतेय," टेबलावरून पिलसूनच म्हणाली. "जळू नको. तुझी सालटी काढायला ती येईलच." दोघीतिघी खो खो हसल्या. तांब्यावाली बाई पण हसली आणि तिने डोक्यावर पाणी ओतून घेतलं.

ओकबुन छातीपर्यंत आली. वरच्या बाजूने तिने कातडी हळूच डावीकडे सरकवली, सोडली, पुन्हा सरकवली. मग रेघेच्या कडेला येऊन तिचा हात थांबला.

"थांबलीस का?" पिलसूनने डोळे मिटूनच विचारलं.

"दुखेल तुला."

"नाही दुखत. तिथे काहीच कळत नाही मला, कापल्यापासून बधिर आहे."  मग फक्त ओकबुनला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "मी अजून हात लावून बघितलेला नाही. एकदाही नाही. तू लावलास की मला सांग, कसं आहे ते."

ओकबुनने तळवा टेकवला. आयुष्यात तिने कुणाच्याही अंगावर इतका हलका हात ठेवला नव्हता, स्वतःच्या तान्ह्या मुलींच्याही नाही. खाली बरगड्या होत्या, आणि त्यांच्या खाली ताईचं काळीज धडधड करत होतं.

"ऊबदार आहे, ताई," ती म्हणाली. "बाकीच्या अंगासारखंच ऊबदार आहे."

 पिलसूनच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी निघालं आणि कानाकडे ओघळायला लागलं. ओकबुनचे दोन्ही हात कामात होते. तिने ते वाहू दिलं.